श्रीरामपूर येथील वस्ती व तेथील मोडी ग्रंथ

१. प्रयोजन

जुन्या घराण्यांतील रुमाल सोडतांना हिशेबाचे बंद, वंशावळी व याद्या यांच्या जोडीला मोडी अक्षरांत छापलेलें एखादें पुस्तक क्वचित् हातीं येतें. हस्तलिखितांच्या शोधांत असलेला संग्राहक तें छापील म्हणून बाजूस ठेवितो. छापील पुस्तकें जमविणारा गृहस्थ मोडी वाचतां येत नाहीं म्हणून त्याकडे पाहत नाहीं. अशा रीतीनें दोघांच्याहि हातून तें निसटतें. ज्यांनीं तें जतन केलें त्यांच्या टांचणांत बहुधा एवढीच नोंद असते कीं, श्रीरामपूर येथें डॉक्टर केरी यांनीं छापविलें. ही नोंद खोटी नाहीं. परंतु अपुरी आहे, आणि अपुरेपणामुळें ती दिशाभूल करणारी ठरते.

श्रीरामपूर हें लहानसें कॉलेजचें गांव होतें. त्यांत कोण लोक राहत, ते कोठून आले, त्यांचा नित्याचा उद्योग काय, हें ध्यानांत घेतल्यावांचून तेथील मराठी पुस्तकांचा उलगडा होत नाहीं, असें आमचें मत आहे. पुस्तकाची भाषा एकाची, अक्षर दुसऱ्याचें, कागद तिसऱ्याचा व बांधणी चौथ्याची. आणि हे चौघेहि निरनिराळ्या जातीधर्मांचे. म्हणून प्रथम गांवाची व नंतर ग्रंथांची अशी हकीकत येथें देत आहों.

आरंभींच एक खुलासा करणें जरूर आहे. येथें अभिप्रेत असलेलें श्रीरामपूर अहमदनगर (इ. स. २०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यांतील नव्हे, तर बंगाल्यांत हुगळी नदीच्या पश्चिम तीरावरील होय. याद्यांत हा घोटाळा होण्याजोगा आहे.

२. गांव व डेन लोकांचा अंमल

हें गांव कलकत्त्याच्या उत्तरेस सुमारें पंधरा मैलांवर, इंग्रजांच्या बराकपूर छावणीच्या बरोबर समोर आहे. इ. स. १७५५ मध्यें डेनमार्क देशाच्या व्यापारी कंपनीनें बंगालचा नबाब अलिवर्दीखान याची परवानगी मिळवून श्रीपूर व आकना या खेड्यांतील सुमारें ६० बिघे जमीन वखारीसाठीं घेतली, आणि आपला राजा पांचवा फ्रेडरिक याच्या नांवावरून वसाहतीस फ्रेडरिक्सनगर असें नांव दिलें. तें नांव कागदोपत्रींच राहिलें. लोकांच्या तोंडीं राम-सीतेच्या देवळावरून पडलेलें श्रीरामपूर हेंच नांव टिकलें. डेन लोकांस बंगाली लोक दिनेमार म्हणत.

मूळची वस्ती अर्थातच बंगाली. कोष्टी, कोळी, शेतकरी, लोहार व पुरोहित अशी ती होती. सुती व रेशमी कापडाचें विणकाम हा तेथील जुना धंदा. जवळच्या माहेश गांवचा जगन्नाथाचा रथोत्सव फार जुना व मोठा. आषाढांत त्यासाठीं चोहोंकडून यात्रा लोटत असे, व तो आजहि चालू आहे. वखारीच्या आश्रयानें दलाल व सावकार आले, आणि गोस्वामी यांसारखीं श्रीमंत घराणीं नांवारूपास आलीं. युरोपियन वस्ती मात्र थोडी होती. अधिकारी, व्यापारी व कांहीं शिपाई एवढाच तिचा विस्तार.

या अल्प वस्तीच्या हातीं एक मोठें साधन होतें, तें म्हणजे तटस्थ राजाचें निशाण. इंग्रज व फ्रेंच यांचीं युद्धें चालूं असतां डेनमार्कच्या निशाणाखालीं माल निर्धोक जाई, त्यामुळें कांहीं वर्षें या बंदरास भरभराट आली. नदीकांठीं इ. स. १७८६ मध्यें खानावळ निघाली. इ. स. १८०६ मध्यें संत ओलाव्हचें देऊळ, म्हणजे प्रार्थनामंदिर, वर्गणीनें पुरें झालें. कलकत्त्यांत दिवाळें निघालेले व सावकारांच्या तगाद्यास कंटाळलेले लोकहि येथें येऊन राहत. कारण इंग्रजी न्यायालयाचा हुकूम नदीकांठच्या या तुकड्यांत चालत नसे. कर्जदारांस जो आश्रय मिळाला तोच पुढें पाद्र्यांसहि मिळाला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलुखांत मिशनरी येऊं देईना. डेन अधिकारी ओले बी यानें त्यांस थारा दिला. परक्या राजाची लहानशी हद्द हेंच या गांवाच्या पुढील विद्याव्यवसायाचें मूळ होय.

३. छापखान्यांतील लोक

इ. स. १७९९ च्या आक्टोबरांत मार्शमन व वार्ड हे श्रीरामपुरास उतरले आणि १० जानेवारी १८०० रोजीं विल्यम केरी त्यांस येऊन मिळाला. केरी मूळचा मोची, मार्शमन शिक्षक व वार्ड मुद्रक. हीं कुटुंबें एका आवारांत राहत, एका पंक्तीस जेवत व मिळकत एका तिजोरींत ठेवीत. केरीचा कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांतील पगार व मार्शमन पतिपत्नींच्या शाळेचें उत्पन्न यांवर पुष्कळसा खर्च भागे. केरी आठवड्यांतील मधले दिवस कलकत्त्यास शिकवी व बाकीचे श्रीरामपुरीं काढी. त्यामुळें नदींतील होडी ही या दोन गांवांमधील मुख्य दुवा झाली होती.

छापखान्याची शिरगणती करावयाची तर वार्ड यानें लिहून ठेविलेलें वर्णन उपयोगी पडतें. त्याचा सारांश असा. मुद्रणशाळेची लांबी १७० फुटांहून अधिक. आरंभीं एका लहानशा खोलींत बसून वार्ड देखरेख करी. पुढें निरनिराळ्या भाषांचे पंडित भाषांतरें करीत व मुद्रितें तपाशीत बसलेले. नागरी, बंगाली, फारसी, तेलुगु, गुरुमुखी, उडिया, मराठी, कानडी, ब्रह्मी, चिनी, ग्रीक व इब्री इत्यादि टाइपांच्या पेट्या मांडलेल्या. जुळणी करणाऱ्यांत हिंदू, मुसलमान व देशी ख्रिस्ती असे तिन्ही. पुस्तकें बांधणारे सहा असामी, ते सर्व मुसलमान. त्यापलीकडे खिळे ओतणारे, शाई करणारे, आणि भिंतीनें वेढलेल्या मोकळ्या आवारांत कागदाचा कारखाना.

हें वर्णन वाचतांना दोन गोष्टी आमच्या मनांत भरतात. पहिली अशी कीं, धर्मप्रसारासाठीं काढलेल्या या छापखान्यांत काम करणारे बहुतेक लोक धर्मांतर न केलेले होते. ते वेतनासाठीं येत व संध्याकाळीं आपापल्या घरीं, आपापल्या आचारांत राहत. दुसरी अशी कीं, कामाची वांटणी जातीच्या परंपरागत कौशल्यास धरून झाली होती. बांधणी मुसलमानांकडे गेली, कारण फारसी ग्रंथ बांधण्याची विद्या त्यांच्यांत आधींपासून होती. भाषांतर ब्राह्मण पंडितांकडे गेलें. आणि अक्षरें कोरण्याचें काम धातूवर कोरीव लेख कोरणाऱ्या कर्मकारांकडे आलें.

या कर्मकारांत पंचानन हा प्रमुख. इ. स. १७७८ मध्यें हुगळी येथें हालहेड याचें बंगाली व्याकरण छापलें गेलें, त्या वेळीं चार्ल्स विल्किन्स याच्या हाताखालीं त्यानें बंगाली खिळे पाडले होते. श्रीरामपुरास येऊन त्यानें नागरी टाइपास हात घातला. त्याच्या पश्चात् त्याचा जांवई मनोहर व मनोहराचा मुलगा कृष्णचंद्र यांनीं हा धंदा चालविला. मराठी मुद्रणाच्या इतिहासांत या बंगाली घराण्याचें नांव जितक्या आदरानें यावें तितकें येत नाहीं.

४. मराठी व मोडी

बंगाल्यांतील या गांवीं मराठी ग्रंथ कां छापले गेले, असा प्रश्न सहजच उत्पन्न होतो. त्याचें उत्तर राजकारणांत आहे. इ. स. १८०२ अखेरचा वसईचा तह व इ. स. १८०३ चें युद्ध यांमुळें कंपनी सरकारास मराठी दरबारांशीं व मराठी मुलुखाशीं नित्याचा व्यवहार पडूं लागला. फोर्ट विल्यम कॉलेजांतील तरुण अधिकाऱ्यांस ती भाषा शिकविण्याचें काम केरीकडे आलें, व शिकविण्यासाठीं पुस्तकें हवीं झालीं. मागणी कलकत्त्याची, विद्या दक्षिणेची आणि कारागिरी श्रीरामपूरची, असा हा त्रिवेणी योग होता.

केरीचें मराठी व्याकरण इ. स. १८०५ मध्यें निघालें. त्यांत मराठी मजकूर देवनागरी टाइपांत आहे, व व्याकरणाच्या शेवटीं नित्य व्यवहारांतील संवाद जोडले आहेत. इ. स. १८१० मध्यें मराठी-इंग्रजी कोश झाला, त्यांतील मराठी शब्द मोडी टाइपांत आहेत. पुढें सिंहासन बत्तिशी (१८१४), हितोपदेश (१८१५) व राजा प्रतापादित्याचें चरित्र (१८१६) हीं गद्य पुस्तकें आणि १८१६ च्या सुमारास रघुजी भोंसल्यांची वंशावळी, हींहि मोडींतच छापलीं गेलीं. याखेरीज बायबलाचीं मराठी भाषांतरें व नव्या कराराचें कोंकणी भाषांतर येथूनच निघालें, तीं निराळीं.

या कामीं ज्याची विद्या कारणीं लागली तो वैजनाथ पंडित होय. तो फोर्ट विल्यम कॉलेजांत मराठीचा मुख्य पंडित होता. व्याकरणाच्या प्रस्तावनेंत केरीनें त्याचें साहाय्य मान्य केलें आहे, व वर सांगितलेलीं तिन्ही गद्य भाषांतरें त्याच्याच नांवावर आहेत. अशा पंडितांची स्थिति काय होती याचा अंदाज त्याच कॉलेजाच्या बंगाली खात्यावरून होतो. तेथें मुख्य पंडितास दरमहा २०० रुपये, दुसऱ्यास १०० व साहाय्यकांस प्रत्येकीं ४० रुपये मिळत. केरीचा स्वतःचा पगार ५०० पासून वाढत १,००० पर्यंत गेला. मुख्य पंडिताचें वेतन त्या काळच्या मानानें चांगलें होतें. परंतु मुखपृष्ठावरील मान मात्र व्याकरण व कोश या दोहोंच्या बाबतींत एकट्या साहेबाच्या वांट्यास आला.

मोडी टाइप पाडणें हें नागरीपेक्षां अवघड काम. मोडी ही मुळांत धांवत्या लेखणीची लिपि. लेखक आधीं वरची रेघ ओढून घेतो व मग शक्य तों हात न उचलतां अक्षरांस अक्षर जोडीत जातो. तेंच अक्षर शेजाऱ्याप्रमाणें रूप पालटतें. उलटपक्षीं धातूचा खिळा सुटा व एकाच रूपाचा. तेव्हां कर्मकारांनीं बोरूच्या ओघांतून प्रत्येक अक्षर अलग काढून त्यास स्थिर रूप दिलें. म्हणूनच पेशवाईंतील पत्रें लीलेनें वाचणारा वाचकहि श्रीरामपुरी मोडीपुढें प्रथम क्षणभर थबकतो. अक्षरें ओळखीचीं असून त्यांची गति नाहींशी झालेली असते. शिवाय मोडी लेखनांत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद सामान्यतः पाळीत नाहींत. कोशासारख्या ग्रंथास ही मोठीच अडचण. मोल्सवर्थ याचा कोश इ. स. १८३१ मध्यें मुंबईस निघाला, तो बाळबोधांत आहे. दप्तराची लिपि मोडी व पुस्तकाची लिपि बाळबोध अशी जी वांटणी पुढें कायम झाली, तिच्या पूर्वीचा हा प्रयत्न आहे, हें त्याचें महत्त्व.

५. आग व कागद

११ मार्च १८१२ च्या सायंकाळीं छापखान्यास आग लागली. टाइप वितळले, कागदाचा सांठा जळाला, आणि केरीच्या बहुभाषी कोशासह पुष्कळ हस्तलिखितें नाहींशीं झालीं. ठसे व साचे मात्र ढिगाऱ्यांतून निघाले, व त्यांवरून कारागिरांनीं थोड्याच महिन्यांत खिळे पुन्हां ओतले. संग्राहकांच्या दृष्टीनें या आगीस एक विशेष अर्थ आहे. १८१० चा कोश आगीपूर्वींचा व १८१४ ते १८१६ चीं पुस्तकें आगीनंतरचीं. दोहोंतील मोडी अक्षरें शेजारीं ठेवून मापलीं असतां जुन्या साच्यांचा उपयोग कोठवर झाला हें पाहतां येईल. हें काम घरबसल्या, पट्टी व भिंग घेऊन करण्याजोगें आहे.

कागदाची गोष्टहि अशीच बोलकी आहे. बंगाल्यांतील दमट हवेंत देशी कागदास कसर लवकर लागे, म्हणून किडीस दाद न देणारा कागद घरींच करण्याची खटपट सुरू झाली. लगदा कुटण्याचें यंत्र प्रथम मजूर पाळीपाळीनें पायांनीं फिरवीत. त्यांतील एक मजूर यंत्रांत सांपडून मेला. त्यानंतर विलायतेहून १२ घोड्यांच्या शक्तीचें वाफेचें यंत्र आणवून २७ मार्च १८२० रोजीं तें चालूं केलें. तें पाहण्यास लोकांच्या झुंडी येत. आमचीं वर निर्दिष्ट केलेलीं मराठी पुस्तकें सर्व या यंत्राच्या आधींचीं आहेत. त्यांच्यापैकीं जीं घरच्या कागदावर छापलीं असतील, त्यांचा कागद मजुरांच्या पायांखालून निघाला आहे. ज्याचें नांव कोठेंच नोंदलेलें नाहीं अशा त्या माणसाचेंहि या वाङ्मयाशीं नातें आहे.

६. कॉलेज व विद्यार्थी

कॉलेजची योजना १५ जुलै १८१८ रोजीं प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीं मे महिन्यांत ‘समाचार दर्पण’ हें बंगाली वृत्तपत्र येथून निघालें होतें. कॉलेजांत पूर्वेकडील वाङ्मय व युरोपांतील शास्त्रें दोन्ही शिकवावींत, आणि प्रवेशास जातधर्माची आडकाठी नसावी, असा उद्देश होता. आरंभींच्या अहवालांत विद्यार्थी ३७. त्यांपैकीं १९ ख्रिस्ती, १४ जात पाळणारे हिंदू, व बाकीचे या दोहोंतहि न मोडणारे. संख्या लहान आहे. परंतु हें मिश्रण गांवाच्या मिश्रणाशीं जुळतें. जात पाळणाऱ्या मुलांस ती सोडावी लागत नसे, त्यामुळें वर्ग एक व चुली अनेक असा प्रकार होता.

नदीकांठीं मोठाल्या खांबांची भव्य इमारत उठली. २३ फेब्रुवारी १८२७ रोजीं डेनमार्कच्या राजानें सनद देऊन या कॉलेजास पदव्या देण्याचा अधिकार दिला. हिंदुस्थानांत कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें विद्यापीठें निघण्यापूर्वीं तीस वर्षें हा अधिकार एका खेडेवजा गांवास मिळाला, तोहि इंग्रजांकडून नव्हे. इ. स. १८२३ मध्यें वार्ड, १८३४ मध्यें केरी व १८३७ मध्यें मार्शमन वारले; तिघांच्याहि कबरी तेथेंच आहेत. इ. स. १८४५ मध्यें डेनमार्कनें हें गांव व तरंगंबाडी वगैरे आपलीं हिंदुस्थानांतील ठाणीं साडेबारा लाख रुपयांस इंग्रजांस विकलीं. विक्रीच्या करारांत कॉलेजच्या सनदेचे हक्क राखून ठेविले होते.

७. खानेसुमारीचे आंकडे

येथवर सांगितलेल्या काळांतील गांव व पुढील खानेसुमारींत दिसणारें गांव हीं एक मानूं नयेत. इ. स. १८५४ मध्यें आगगाडी आली. १८५५ मध्यें शेजारच्या रिश्रा येथें तागाची गिरणी निघाली, व पुढें श्रीरामपुरांतहि गिरण्या झाल्या. इ. स. १८७२ च्या पहिल्या खानेसुमारींत वस्ती २४,४४० भरली. १८८१ मध्यें ती २५,५५९ होती, म्हणजे नऊ वर्षांत वाढ जवळजवळ नाहींच. त्यानंतर १८९१ मध्यें ३५,९५२ व १९०१ मध्यें ४४,४५१ असे आंकडे एकदम चढलेले दिसतात. ही वाढ विद्येची नव्हे, तागाची होय. बिहार, संयुक्त प्रांत व ओरिसा येथून आलेले मजूर, त्यांतहि बायकामुलें गांवीं ठेवून आलेले पुरुष, या आंकड्यांत मिसळले आहेत. धर्माच्या दृष्टीनें १९०१ मध्यें सुमारें चारपंचमांश हिंदू व जवळजवळ सर्व उरलेले मुसलमान. मिशनच्या स्थापनेस शंभर वर्षें लोटल्यावरहि ख्रिस्ती लोक अगदीं थोडे. इ. स. २०११ च्या गणतींत वस्ती सुमारें १ लाख ८० हजार आहे. आज तें कलकत्त्याच्या उपनगरांच्या रांगेंतील एक शहर आहे.

यावरून निघणारा निष्कर्ष असा. श्रीरामपूर हें विद्येचें लहान गांव म्हणून इ. स. १८०० पासून सुमारें पंचेचाळीस वर्षेंच नांदलें. वस्तीचा आंकडा मोठा झाला तेव्हां तें विद्येचें ठाणें राहिलें नव्हतें, व जेव्हां विद्येचें ठाणें होतें तेव्हां तें मूठभर पगारदार, कारागीर व विद्यार्थी यांच्या बळावर. १८०१ ते १८३२ या अवधींत या छापखान्यांतून सुमारें ४० भाषांत २,१२,००० प्रती निघाल्या. त्या मोठ्या संख्येमागें माणसें किती थोडीं व किती निरनिराळीं होतीं, हें वरील वर्णनावरून ध्यानांत येईल.

८. संग्राहकांस विनंति

वरील विवेचनाचा उपयोग प्रत्यक्ष संग्रहांत व्हावा, या हेतूनें चार सूचना करितों.

श्रीरामपुरी पुस्तक मिळाल्यास त्याची मूळ बांधणी सोडूं नये. ती मुसलमान दफ्तरींची कारागिरी आहे, व कातरलेल्या कडा परत येत नाहींत. कागद उजेडाकडे धरून त्याचा पोत, रंग व असल्यास जलचिन्ह टिपून ठेवावें. तो घरचा कीं विलायती हें ठरविण्याचें तेंच साधन आहे. मोडी टाइपाचीं निदान दहा अक्षरें मापासह उतरून घ्यावींत, म्हणजे आगीपूर्वींचीं व नंतरचीं रूपें ताडून पाहतां येतील. आणि यादींत केरीच्या नांवापुढें वैजनाथ पंडिताचें नांव अवश्य लिहावें. अक्षरांच्या रकान्यांत श्रीरामपूरचे कर्मकार असें नोंदावें.

मोडी वाचणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत, आणि छापील मोडी ओळखणारे त्याहून कमी. डेनमार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयानें श्रीरामपूर येथील इमारतींच्या जतनाचें काम हातीं घेतलें, व संत ओलाव्हच्या मंदिराच्या जीर्णोद्धारास इ. स. २०१६ मध्यें युनेस्कोनें गौरविलें. परक्यांनीं आपल्या इमारती राखिल्या. त्या गांवीं झालेलें आपलें मराठी काम राखणें आपल्याकडे आहे. तें काम इमारतीएवढें खर्चाचें नाहीं. पुढील वेळीं रुमाल सोडतांना छापील मोडीचें पान दिसलें, तर तें बाजूस न टाकतां त्यावरील सन, स्थळ व पृष्ठसंख्या एका चिठ्ठीवर उतरून ठेवावी, एवढ्यापासून त्याचा आरंभ होईल.